सहा डब्यांतलं एकच झाड

सहा चहांची नमुना पेटी हातात आली त्या दिवशी मी सहाही डब्यांतला चहा दोन-दोन ग्रॅम मोजून सहा बशांत काढला. पांढऱ्या चहाच्या दोन ग्रॅमनी अख्खी बशी भरली. सीटीसीचे, म्हणजे दाणेदार काळ्या चहाचे, दोन ग्रॅम बशीच्या मधोमध चिमटीएवढे दिसत होते. आणि पेटीतल्या कार्डावर छापलंय: ‘एका कपाला एक चमचा, उकळतं पाणी, पाच मिनिटं.’ सहाही चहांना हा एकच नियम. पेटीबद्दलच्या माझ्या बहुतेक तक्रारी या ओळीतून निघतात, म्हणून आधी तीच सांगितली.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. विकरं (एन्झाइम) आणि ऑक्सिडीकरण शिकवताना कापलेल्या सफरचंदाचं उदाहरण देऊन देऊन कंटाळले होते. फोड लाल पडते ती पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे, आणि चहाचं पान काळं पडतं तेही त्याच विकरामुळे. तेव्हा हा धडा चहावरूनच शिकवावा असं मनात आलं आणि ही नमुना पेटी मागवली. पत्र्याचे सहा डबे, प्रत्येकी २५ ग्रॅम: फुजियानमधल्या फुदिंगचा पांढरा चहा, सेन्चा हा जपानी हिरवा चहा, आनशीचा तिएग्वानयिन ऊलाँग, दार्जिलिंग, आसामचा सीटीसी आणि युनानचा पिकवलेला पु-अर. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. अशा पेट्या आता बरेच जण विकतात, आणि मला सांगायचंय ते कोणतीही पेटी घेताना उपयोगी पडेल.

सहाही डब्यांतला चहा एकाच जातीच्या झाडाचा आहे, कॅमेलिया सायनेन्सिसचा. लहान पानांचा चिनी प्रकार आणि मोठ्या पानांचा आसामी प्रकार एवढाच काय तो भेद, आणि हिरवा-काळा ठरतो तो त्या भेदावरून नव्हे. हे आपण आज सहज म्हणतो, पण युरोपातल्या शास्त्रज्ञांना ते बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. स्वीडिश वनस्पतितज्ज्ञ लिनियसने १७५३ मध्ये चहाची एकच जात नोंदवली होती. १७६२ मध्ये तिच्या दोन केल्या, हिरव्या चहाची वेगळी आणि काळ्याची वेगळी. रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ १८४० च्या दशकात चीनमधल्या मळ्यांत स्वतः फिरला, तेव्हा त्याला दिसलं की झाड तेच असतं. खुडल्यानंतर पानाचं काय करायचं हे माणूस ठरवतो. यानेच पुढे ईस्ट इंडिया कंपनीसाठी हजारो रोपं चीनमधून हिमालयाच्या पायथ्याला पोहोचवली. परदेशी जाणारा हिरवा चहा जास्त हिरवा दिसावा म्हणून त्यात प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम मिसळताना त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि ते लिहून ठेवलं. चहाच्या डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पहिला प्रयोग पिण्याचा नव्हता. सहाही चहांचे सारखे अर्क केले, परीक्षानळ्यांत ओतले आणि प्रत्येकात फेरिक क्लोराईडचे दोन थेंब टाकले. पांढऱ्या चहाचा अर्क जवळजवळ पाण्यासारखा होता, फिकट गवती रंगाचा. थेंब पडताच तोही शाईसारखा गडद झाला. म्हणजे पॉलिफिनॉलं, या थेंबांनी गडद होणारी चहातली तुरट द्रव्यं, सगळ्यांतच होती. कपातला रंग फिका म्हणून पान दुबळं असं काही नसतं. मुलं त्या नळीकडे ज्या नजरेने बघत होती, तेवढ्यावरून माझ्यापुरती पेटी वसूल झाली. (त्या नळ्यांतलं काही प्यायचं नाही, हे वर्गात दोनदा सांगितलं, इथेही सांगते.)

यानंतर घरी एकेक डबा नीट चाखला. चहाचे नमुने तपासायची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ३१०३, १९८० सालची: १०० मिलिलिटरला २ ग्रॅम चहा, उकळीचं पाणी, सहा मिनिटं. ती पद्धत चहा उत्तम लागावा म्हणून केलेली नाही, नमुन्यांची तुलना एका मापाने व्हावी म्हणून केलेली आहे. मी आधी त्या पद्धतीने सगळे केले, आणि मग प्रत्येकाला हवं तसं पाणी देऊन पुन्हा केले. दुसऱ्या फेरीत जे कळलं ते कार्डावर असायला हवं होतं.

सेन्चा. जपानी हिरव्या चहात पान खुडलं की लगेच वाफेवर धरतात. वाफेने विकर मरतं, म्हणून पान हिरवं राहतं. चीनमध्ये हेच काम बहुतेक ठिकाणी तापलेल्या कढईत करतात, म्हणून तिथल्या हिरव्या चहाला भाजल्याचा किंचित वास असतो आणि सेन्चाला ओल्या गवताचा, समुद्रशेवाळाचा. पाणी ७० अंशांवर आणून दोन मिनिटं ठेवलं की जिभेवर आधी एक दाट, रश्शासारखी चव येते आणि मागून गोडवा. ती चव थिॲनिन या अमिनो आम्लाची. ते गार पाण्यातही सहज उतरतं. कडू-तुरट कॅटेचिनांना मात्र उष्णता लागते. तोच सेन्चा कार्डावरच्या नियमाने उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवला, तर एक घोट घेऊन कप खाली ठेवावा लागला. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा सेन्चा असा करून प्यायला, तो ‘हिरवा चहा कडूच असतो’ म्हणून कायमचा सोडून देईल. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी चूक डब्याची. सगळ्या डब्यांना वरून पारदर्शक झाकण आहे, आतली पानं दिसावीत म्हणून. दुकानाच्या फळीवर ते छान दिसत असेल, पण हिरवा चहा उजेडाने आणि उबेने फार लवकर उतरतो. हरितद्रव्य मोडत जातं आणि गडद हिरवी पानं पिवळट, मळकट दिसू लागतात. माझ्या डब्यातल्या सेन्चाचा वरचा थर तसाच होता. चमच्याने उकरून खालची पानं बाहेर काढली तर ती अजून गर्द होती. एकाच डब्यात दोन रंग. मी खालचा आणि वरचा थर वेगवेगळा करून प्यायले. वरच्याला जुन्या गवताच्या गंजीसारखा वास होता. सहा डब्यांत माझ्या मते सगळ्यात वाया गेलेला डबा हा, आणि चूक पानाची नाही.

पांढऱ्या चहाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आईच्या बाबतीत घडली. या चहात नुसत्या कोवळ्या कळ्या असतात, अंगावर चंदेरी लव असलेल्या. त्या फक्त सुकत घालतात आणि वाळवतात. ना मळणं, ना भाजणं. चव अगदी हलकी, काकडीच्या सालीसारखी, नंतर मधाची आठवण देणारी. पेटीतल्या कार्डावर लिहिलं होतं, ‘कॅफीन जवळजवळ नाही, झोपण्यापूर्वीही चालेल.’ मी त्यावर विश्वास ठेवला आणि रात्री साडेनऊला आईला कप दिला. तिला आवडला, तिने दुसरा मागितला. रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर ती दिवा लावून बसलेली.

‘अगं, डोळ्याला डोळा लागत नाहीये. चालेल म्हणालीस ना तू?’

मला फार अपराधी वाटलं, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. कॅफीन हे झाडाचं किडीपासूनचं संरक्षण आहे, आणि सगळ्यात जास्त संरक्षण कोवळ्या कळीला लागतं. कळ्यांच्या चहात कॅफीन कमी असेल असं मानायला काहीच आधार नाही. कपात किती उतरतं हे पानाच्या वजनावर, पाण्याच्या तापमानावर आणि वेळेवर ठरतं. चहाच्या रंगावर नाही. रंगावरून अंदाज बांधायची ही चूक तशी जुनीच. १८२७ मध्ये चहातून हे द्रव्य वेगळं केलं तेव्हा ते कॉफीतल्यापेक्षा वेगळं समजून त्याला ‘थीन’ असं निराळं नाव दिलं होतं. १८३८ मध्ये दोन्ही एकच असल्याचं सिद्ध झालं. ज्यांना झोपेचा त्रास आहे अशा लोकांच्या हातात हे कार्ड पडणार आहे. ती ओळ विक्रेत्याने काढून टाकायलाच हवी.

आता ऊलाँग. या डब्यासाठी मी पेटीच्या बाकीच्या सगळ्या चुका माफ करायला तयार आहे. डब्यात दिसतात त्या मिरीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, घट्ट वळलेल्या हिरव्यागार गोळ्या. पाच ग्रॅम एका छोट्या झाकणाच्या कपात टाकल्या, ९५ अंशांचं पाणी ओतलं, वीस सेकंदांत गाळून घेतलं. पहिल्या पाण्यात गोळ्या नुसत्या फुगल्या. दुसऱ्या पाण्यात उलगडायला लागल्या. तिसऱ्या पाण्यानंतर कपाचं झाकण पानांनी वर उचललं गेलं होतं, आणि वास असा की शेजारच्या खोलीतून आई विचारायला आली, कुठली फुलं आणलीस. फूल एकही नव्हतं, डब्यात दुसरा कोणता सुगंधही घातलेला नाही. सारं काही त्या पानाचंच. चौथं, पाचवं, सहावं पाणी मी एका बैठकीत प्यायले आणि प्रत्येक वेळी चव सरकत होती: फुलं, मग लोणी, मग दुधाळ गोडवा, शेवटी नुसतं स्वच्छ पाणी आणि मागे राहिलेला गळ्यातला गारवा.

नंतर एक पान चिमट्याने उचलून पांढऱ्या बशीत पसरलं. देठापासून टोकापर्यंत अख्खं पान, कुठे फाटलेलं नाही. मधला भाग हिरवा आणि कडेला तांबूस रेघ, काही ठिकाणी तुटक, काही ठिकाणी सलग. ऊलाँग करताना सुकवलेली पानं बांबूच्या पिंपात घालून फिरवतात; कडा एकमेकींवर घासून खरचटतात, पेशी फुटतात आणि विकराला फक्त तिथेच काम मिळतं. मधला भाग शाबूत राहतो. हवं तेवढं झालं की उष्णता देऊन विकर थांबवायचं. कधी थांबवायचं हे करणारा वासावरून ओळखतो. मी गेली कित्येक वर्षं फळ्यावर ‘विकर + ऑक्सिजन’ असं लिहून बाण काढत आले. तो बाण कुठे थांबला हे एका पानाच्या कडेवर डोळ्यांनी पाहायला मिळालं. ती पानं मी टिपकागदात दाबून प्रयोगवहीत ठेवली आहेत.

इथे एक शब्द दुरुस्त करावासा वाटतो. माहितीपत्रकात ऊलाँगला ‘अर्धवट आंबवलेला’ आणि काळ्या चहाला ‘पूर्ण आंबवलेला’ म्हटलंय. चहाच्या कारखान्यांतही हाच शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालतो, त्यामुळे एकट्या विक्रेत्याला दोष देत नाही. पण आंबवायला सूक्ष्मजीव लागतात, आणि काळ्या चहात ते काम करत नसतात. तिथे पानाचं स्वतःचं विकर आणि हवेतला ऑक्सिजन एवढंच असतं. या सहा डब्यांत खरोखर आंबवलेला चहा एकच, पु-अर. तो ‘पिकवायची’ पद्धत कुनमिंगच्या चहा कारखान्यात १९७३ च्या सुमारास बसवली गेली: पानांचा ढीग करायचा, पाणी शिंपडायचं, झाकायचं, अधूनमधून उलटायचा. ढीग आतून तापतो, बुरशी आणि जिवाणू आठवडेच्या आठवडे काम करतात. जे काम साठवणीत वर्षानुवर्षं होई ते अशा रीतीने महिना-दोन महिन्यांत होतं. कपात उतरतो तो जवळजवळ कॉफीच्या रंगाचा, पण तुरटपणा नावाला नाही. वास तळघराचा, ओल्या लाकडाचा. पहिलं पाणी फेकून द्यावं. मला हा आवडला, आईला अजिबात नाही. तिच्या मते बंद घर उघडल्यावर येतो तसा वास. दोघींचंही बरोबर आहे. त्याने वजन घटतं हे डब्यावरचं वाक्य मात्र मी गंभीरपणे घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

आसामच्या डब्यावर इतिहासाच्या दोन ओळी आहेत: ‘१८२३ मध्ये एका इंग्रज साहसवीराने शोधलेला चहा.’ हे वाचून मला त्रास झाला. रॉबर्ट ब्रूसला (तो स्कॉटिश होता) ती झाडं दाखवली ती सिंगफो जमातीचे प्रमुख बिसा गाम यांनी, आणि त्यांच्यापर्यंत त्याला पोहोचवलं मणिराम दिवाण या आसामी सरदारांनी. सिंगफो लोक त्याआधीपासून चहा करून पीत होते. पुढे आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्या जानेवारी १८३९ मध्ये लंडनला लिलावात गेल्या आणि मळ्यांचं युग सुरू झालं. त्याच मणिराम दिवाणांनी नंतर स्वतःचे मळे उभे केले आणि १८५७ च्या उठावातल्या सहभागाबद्दल इंग्रजांनी १८५८ मध्ये त्यांना फाशी दिलं. मळ्यांवर राबायला छोटा नागपूरसारख्या भागांतून माणसं करारात बांधून नेली, त्यातली कित्येक वाटेत आणि मळ्यांत मेली. डब्यावर दोनच ओळींची जागा आहे हे मान्य, पण त्या दोन ओळींत झाड ‘सापडलं’ एवढंच लिहायचं आणि दाखवणाऱ्याचं नाव गाळायचं, हे मला पटत नाही.

चहा म्हणून मात्र हा डबा चोख आहे. सीटीसी म्हणजे चिरडणं, फाडणं, वळवणं. दातेरी रुळांतून पान जातं आणि दाणे होऊन बाहेर पडतं. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसाममधल्याच अमगुरी मळ्यात विल्यम मॅककर्चरने आणलं, आणि आज भारतात होणारा बहुतांश चहा याच पद्धतीचा असतो. सगळ्याच पेशी फुटलेल्या, म्हणून ऑक्सिडीकरण भराभर, आणि कपात रंग दोन मिनिटांत. ऊलाँगसारखं सहा वेळा पाणी घालायला गेलात तर दुसऱ्यालाच काही उरत नाही. त्याची घडणच वेगळ्या कामासाठी आहे. दूध घातल्यावर टिकून राहणारा या सहांत हा एकटाच, कारण दुधातली प्रथिनं तुरटपणा बांधून घेतात आणि तरीही याच्यात पुरेसा कस शिल्लक राहतो.

याच्या एका कपाने आईला घाबरवलं. कडक कोरा अर्क गाळून मी फ्रीजमध्ये ठेवला होता. सकाळी तो गढूळ, मातकट दिसत होता. ‘हा नासलाय, ओतून दे,’ आई म्हणाली. मी पेला गरम पाण्यात धरला आणि दोन मिनिटांत तो पुन्हा तांबूस, आरपार दिसण्याइतका स्वच्छ झाला. काळ्या चहातली लालसर द्रव्यं आणि कॅफीन गारव्यात एकमेकांना धरतात आणि कण होऊन तरंगतात, ऊब मिळाली की सोडतात. चहा चाखणारे जाणकार याला चहावर साय धरणं अशा अर्थाचा शब्द वापरतात आणि ते दमदार चहाचं लक्षण मानतात. गार चहा गढूळ झाला म्हणून कुणी हा डबा परत पाठवू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

दार्जिलिंगबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. चव चांगली होती, द्राक्षाच्या सालीची आठवण देणारी, त्यावरून मे-जूनमधला दुसऱ्या बहराचा असावा असा माझा तर्क. तर्क करावा लागला हीच तक्रार. वसंतातला पहिला बहर आणि हा दुसरा हे दोन निराळे चहा आहेत, आणि डब्यावर ना बहर, ना मळ्याचं नाव. दार्जिलिंग हे भौगोलिक निर्देशांक मिळालेलं भारतातलं पहिलं उत्पादन, २००४ सालापासून. खऱ्या दार्जिलिंगच्या पाकिटावर हातात चहाची पानं धरलेल्या बाईचं गोल चिन्ह पाहायची मला सवय आहे; इथे तेही नव्हतं. चहा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण साधारण साडेचार किलो ओली पानं खुडली की एक किलो चहा होतो, आणि ती खुडणी हाताने होते. एवढ्या हातांतून आलेल्या वस्तूवर ती कुठून आणि कधी आली हे छापलेलं असावं.

मी विक्रेत्याला पत्र लिहिलं. तीन गोष्टी विचारल्या: सेन्चा कधी खुडला, दार्जिलिंग कोणत्या बहराचा, आणि पांढऱ्या चहात कॅफीन नाही हे कशावरून. चार दिवसांनी नम्र उत्तर आलं, की पॅकिंगची तारीख डब्याच्या तळाला आहे. पॅकिंगची तारीख म्हणजे खुडणीची तारीख नव्हे. पोत्यात वर्षभर पडलेला चहाही काल पॅक झालेला असू शकतो. बाकीच्या दोन प्रश्नांना उत्तर नाही.

तरीही पेटी घ्यावी का, असं विचाराल तर हो, दोन अटींवर. आल्या दिवशी सेन्चा आणि पांढरा चहा अपारदर्शक, घट्ट झाकणाच्या डब्यात काढा. आणि कार्ड बाजूला ठेवून थर्मामीटर व छोटा तराजू हाताशी घ्या: सेन्चाला ७० अंश, पांढऱ्याला ८० ते ८५, ऊलाँगला ९५, बाकी तिघांना उकळीचं पाणी चालतं. सकाळी पांढरा, संध्याकाळनंतर कोणताच नाही. शिकवणाऱ्यांनी तर जरूर घ्यावी. विकरांचा धडा यापेक्षा चांगल्या रीतीने मला अजून शिकवता आलेला नाही.

ऊलाँगचा डबा सगळ्यात आधी संपला. तो मी पुन्हा मागवला, दुसऱ्या एका ठिकाणाहून, साध्या चंदेरी पाकिटात. पाकिटावर गाव आहे, खुडणीचा महिना आहे आणि पाण्याचं तापमान आहे. काल रात्री आईने ते पाकीट दिव्याखाली धरून वाचलं आणि मला विचारलं, ‘हे सकाळी पिऊया ना?’